काही फेकायचं नाही

'स्कार्वहोल्म' जहाजावर हाल्ग्रीम कुणालाच आवडत नसे, आणि हे त्याला फार आवडत असे. अस्वलबेटाच्या पलीकडे कॉड पकडणारी ही दांडगी ट्रॉलर, पोटात मासे सोलून गोठवायचा अख्खा कारखाना, त्यावर तीसेक माणसं, आणि त्यांत हा एक इलेक्ट्रिशियन. साठीला टेकलेला, वरच्या ओठाखाली कायम तंबाखूची पुडी, कपाळावर कायम आठी. सकाळी कुणी "काय म्हणतोस?" विचारलं तर म्हणायचा, "मी कुठं काय म्हणतोय? बोलायला तू आलायस." जेवणघरात तो ज्या बाकावर बसे त्यावरची माणसं काहीतरी निमित्त काढून उठत. मग तो पाय पसरून निवांत जेवत असे.

नुसत्या तिरसटपणाला आमच्या जहाजांवर कुणी भीक घालत नाही. निम्मी माणसं तिरसटच असतात, समुद्र गोड माणसं ठेवत नाही. हाल्ग्रीमचा राग यायचा तो वेगळ्या कारणानं. जहाजावरचं इंटरनेट त्याच्या हातात होतं.

इतक्या उत्तरेला उपग्रह म्हणजे दक्षिणेच्या क्षितिजाला जेमतेम टेकलेला एक ठिपका. वरच्या छपरावरची डिश त्याच्याकडे डोळा लावून बसते. जहाजानं नाक उत्तरेला केलं की धुराडं आणि मागची लोखंडी कमान बरोबर तिच्या आड येते, आणि मोठ्या नळाची करंगळीएवढी धार होते. दक्षिणेला वळलं की पुन्हा मोठा नळ. लाट उंच आली तरी धार बारीक, बर्फ पडलं तरी बारीक. माणसांच्या फोनांना हे काही ठाऊक नसतं. ते आपले पाठवत राहतात, मागत राहतात.

मोडेम बिचारा क्षणाक्षणाला सांगत असतो की आत्ता एवढंच जाईल. ते ऐकायला कुणीतरी लागतं. हाल्ग्रीमनं मोडेमच्या अलीकडे स्वतःचा एक डबा बसवला होता. डबा मोडेमचं ऐके आणि तेवढंच पुढे सोडे. पहिल्या दारातून जहाजाचं काम: हवामान, बर्फाचे नकाशे, मासळीचा अहवाल. दुसऱ्या दारातून नुसता आवाज. तिसऱ्या दारातून चेहरे, सिनेमे, फुटबॉल. धार बारीक झाली की तिसऱ्या दारावर जे उभं असेल ते तो सरळ टाकून देई. साठवणं नाही, ताटकळवणं नाही.

"टाकलं तर पाठवणाऱ्याला ठेच लागते," तो म्हणायचा, "मग तो दमानं घेतो. ठेच नाही लागली तर गाढव लोटतच राहतं. खाली हौद भरला असताना तुम्ही जाळं वर ओढता का? नाही ना? वरच्या माशाच्या वजनानं खालचा मासा चेपतो नि सगळाच माल नासतो. मोडेमच्या पोटात माल साठवला की तेच."

खरं होतं ते. पण खरं बोलणाऱ्याचं तोंड गोड असावं लागतं, नाहीतर माणसं त्या खऱ्यालाच लाथ घालतात.

लाथ घालायची वेळ फेब्रुवारीत आली. डेकचा मुकादम आस्गाउत, दांडगा, कमी बोलणारा माणूस. डेकवरच्या सगळ्यांची मान त्याच्यापुढे खाली. त्याची आई गावाकडे वृद्धाश्रमात शेवटच्या घटका मोजत होती. बहिणीनं फोन आईच्या तोंडासमोर धरला होता आणि इकडे आस्गाउत जेवणघराच्या कोपऱ्यात आईचा चेहरा बघत बसला होता. तेवढ्यात जहाज उत्तरेला वळलं. चेहरे तिसऱ्या दारातले. डब्यानं आस्गाउतची आई टाकून दिली.

तो पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत राहिला, चेहऱ्यासकट. प्रत्येक वेळी डब्यानं टाकला. जहाज दक्षिणेला वळलं तेव्हा बहिणीनं सांगितलं की आई गेली.

आस्गाउत हाल्ग्रीमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मागे निम्मं जहाज जमलं होतं. हाल्ग्रीम एक बटण उघडून त्यातली धूळ फुंकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आवाजाची लाइन उघडी होती," तो म्हणाला. "आवाजावर बोलायचंस. तोंड बघायची काय गरज होती?"

आस्गाउतनं त्याला तिथंच चेचला असता तर बरं झालं असतं, असं नंतर बरेच जण म्हणाले. पण तो वळला आणि थेट कप्तानाकडे गेला.

कप्तान तारल्ड एका बाबतीत वेडा होता. त्याच्या बापाच्या काळात नको असलेला मासा उलटा समुद्रात फेकत. पुढे कायदा आला, जे वर आलं ते किनाऱ्याला गेलंच पाहिजे. बाकीच्यांनी कायदा पाळला, तारल्डनं त्याचा धर्म केला. हातभरही लांब नसलेला एक कॉड पायानं जहाजाच्या मागच्या उतारावरून समुद्रात ढकलला म्हणून त्यानं एकाला पुढच्या बंदरात सामानासकट उतरवलं होतं. अशा माणसाला आस्गाउतनं एवढंच सांगितलं, "कप्तान, तुझ्या जहाजावर हा माणूस वस्तू फेकतोय. रोज."

तारल्डनं सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. कॉफीचा मग खाली ठेवला आणि म्हणाला, "माझ्या जहाजावरून काही फेकायचं नाही. मासा नाही, मासळीचं डोकं नाही, कुणाचा निरोप नाही. जे निघालं ते पोचलं पाहिजे. सगळ्यांना एकच रांग."

"कप्तान, ते मासे नाहीत," हाल्ग्रीम म्हणाला.

"सुरुवात सगळे अशीच करतात. हा मासा नाही, हा लहान आहे, हा वेगळा आहे."

"अरे, उशिरा पोचलेलं न पोचल्यातच जमा असतं, एवढं तरी..."

"काही फेकायचं नाही म्हटलं ना!"

हाल्ग्रीम उठला. मोडेमच्या कपाटाची किल्ली त्याच्या पट्ट्याला असे. ते कुलूपही त्यानंच लावलेलं, लोकांचे हात लागू नयेत म्हणून. त्यानं किल्ली काढून टेबलावर अशी आपटली की आस्गाउतची कॉफी सांडली. मग म्हणाला, "तुमची इच्छा. शेवटचा हात फिरवतो नि किल्ली तुझ्या खिशात. पुन्हा मला हाक मारायची नाही."

शेवटचा हात त्यानं असा फिरवला की सूड म्हणजे काय ते त्या यंत्राला कळावं. तिन्ही दारं काढली. मोडेमचं पोट वाढवता येईल तेवढं वाढवलं, म्हणजे धार कितीही बारीक झाली तरी आलेला थेंब न थेंब त्यानं पोटात धरून ठेवायचा, आणि पुढेमागे पाठवायचाच. घरी बोलायचं जे अ‍ॅप माणसं वापरत तेही त्यानं तसंच लावून दिलं. शब्द गाळायचा नाही, उशीर झाला तरी चालेल. काही फेकायचं नाही ना? घ्या!

पहिला दिवस सणासारखा गेला. मग हळूहळू जहाजाचं नेट शनिवारच्या तांदळाच्या खिरीसारखं घट्ट झालं. सगळ्यांना सगळं मिळे, पण शिळं. माणूस फोनवर "कशी आहेस?" विचारी, आणि बायको "काय?" म्हणेपर्यंत त्याची सिगारेट संपे. दोघं एकदम बोलत, मग दोघं एकदम गप्प. वादळाचा इशारा वादळ अंगावर घेऊन झाल्यावर यायचा, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. मासळीचा अहवाल उशिरा गेला म्हणून तारल्डला किनाऱ्यावरून बोलणी बसली. तरी तो बधेना. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर तो तारल्ड कसला.

माणसं येऊन हाल्ग्रीमला शिव्या घालत. तो खुर्चीत मागे रेलून पोटावर हात ठेवून ऐके.

"काही फेकलं का?" तो विचारी.

"नाही, पण..."

"पोचलं ना?"

"पोचलं, पण अरे, काल विचारलेलं आज..."

"मग कुणाच्या बापाचं काय गेलं? चल, दार लावून जा."

इतका सुखी तो कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मे महिन्यात त्याच्या नातीचा निरोप आला.

नात म्हणजे सूल्रून. चौदा वर्षांची, आणि हाल्ग्रीमशी बोलणारी घरातली एकुलती एक. तिची आई रान्वेग ही त्याची मुलगी, तिनं तीन वर्षं त्याच्याशी शब्द बोललेला नव्हता. हाल्ग्रीमची बायको वारली तेव्हा तो समुद्रावर होता आणि मातीला आला नाही. "येता आलं नाही," असं त्यानं कळवलं. जहाज मधे सोडून कसं येणार? दूर उत्तरेला, बर्फाच्या कडेला. पटण्यासारखं होतं. रान्वेगला पटलं नाही, पण खोटंही ठरवता आलं नाही. तेव्हापासून सफर संपली की हाल्ग्रीम बंदरातल्या खलाशांच्या खोलीत राही. बायकोचं घर मुलीकडे गेलं होतं.

सूल्रूननं लिहिलं होतं: "आजोबा, माझं दृढीकरण रविवारी आहे. चर्चनंतर समाजमंदिरात जेवण. सगळ्यांची भाषणं होणार, तिकडच्या आजोबांचंसुद्धा. तुझंही पाहिजे. आम्ही भिंतीवर मोठा पडदा लावतोय. आईला मी पटवलंय. ती म्हणाली, पाच मिनिटं, आणि तमाशा नको. नीट बोललास तर उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे आपल्या घरी राहायला ये, असंही म्हणाली. खरंच म्हणाली!"

हाल्ग्रीमनं तो निरोप वाचला आणि फोन उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला आणि वाचला. मग स्विचबोर्डच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दृढीकरण म्हणजे वयात येणाऱ्या पोरानं चर्चमध्ये उभं राहून आपला धर्म स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा; त्याच्या जेवणातलं भाषण ही आमच्याकडे गंमत नसते. पोरगी बुनाद, म्हणजे गावाकडचा सणाचा पोशाख घालून, छातीवर आजीची चांदी लावून बसलेली असते, आणि घरातला एकेक माणूस उठून तिच्याविषयी बोलतो. ज्यानं भाषण केलं तो घरचा. ज्याला सांगितलं नाही तो बाहेरचा. हाल्ग्रीमला बाहेर राहून तीन वर्षं झाली होती, आणि घरात शिरायला एवढं एकच दार होतं.

भाषण त्यानं स्विचबोर्डापुढे उभं राहून पाठ केलं. खाली कारखान्यातली माणसं म्हणू लागली की म्हातारा आता फ्यूजांशी बोलतो.

रविवारी सकाळी तो तारल्डकडे गेला. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय त्याला कधीच नव्हती, तरी त्या दिवशी तो पाच मिनिटं बर्फाविषयीच बोलला.

"काय पाहिजे?" तारल्डनं विचारलं.

"दुपारी जहाज दक्षिणेला धर. जेवणानंतर. थोडाच वेळ."

"मासा कडेकडेनं उत्तरेला चाललाय."

"माझ्या नातीचं दृढीकरण आहे, तारल्ड."

"मग माशाला सांग." तारल्डनं दुर्बीण डोळ्याला लावली. "मासा थांबला तर मीही थांबतो."

राहिली माणसं. ती थांबली तरी चाललं असतं. सुट्टीवरच्या पाळीनं फोन खाली ठेवले असते तर बारीक धारेतूनही एका माणसाचं भाषण सुखानं गेलं असतं. हाल्ग्रीम जेवणघरात गेला. रविवारचं भाजलेलं डुक्कर संपलं होतं, माणसं बाकांवर पसरून फुटबॉल आणि सिनेमे बघत होती. तो दारातच उभा राहिला. बसायला कुणी सांगितलं नाही.

"अर्धा तास," तो म्हणाला. "सगळ्यांनी फोन बंद ठेवा. माझं घरी बोलायचं आहे. भाषण आहे."

कुणी मान वर केली नाही. यूस्तेन नावाचा एक मासे सोलणारा होता, त्यानं मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा आणखी एक सिनेमा चालू केला.

"भाषण?" यूस्तेन म्हणाला. "तुझं? ऐकणाऱ्यांनी काय पाप केलंय?"

हशा झाला. हाल्ग्रीमनं आस्गाउतकडे पाहिलं. डेकची माणसं त्याच्या शब्दाबाहेर नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. आस्गाउत बूट चढवत होता. पुढच्या जाळ्याची वेळ होत आली होती.

"आस्गाउत," हाल्ग्रीम म्हणाला. पुढे 'कृपा कर' म्हणायचं होतं, ते काही तोंडातून निघेना.

आस्गाउत उभा राहिला आणि त्याच्या अगदी जवळ आला.

"आवाज आहे की," तो म्हणाला. "तोंड बघायची काय गरज?"

आणि त्याला ओलांडून बाहेर गेला.

हाल्ग्रीम आपल्या खोलीत येऊन बसला. स्वच्छ शर्ट घातला होता. फोन पुस्तकाला टेकवला. पडद्यावर समाजमंदिर दिसलं. टेबलांवर बर्चच्या डहाळ्या, कॉफीची भांडी, बदामाच्या कड्यांचा उभा केक, आणि मधोमध सूल्रून, लाल-हिरव्या बुनादात, मोठी दिसणारी. तिच्या शेजारी रान्वेग. सूत्रसंचालक हातात कागद घेऊन म्हणत होता, "आणि आता थेट समुद्रावरून..." तेवढ्यात पायाखालची जमीन कलली. जहाज उत्तरेला वळलं.

चित्र गोठलं. नेमकी रान्वेग बाजूला बघत होती, ओठ मुरडलेले, तशीच गोठली.

हाल्ग्रीम बोलू लागला. बोलायचं म्हणून आला होता, बोलला. सूल्रून लहानपणी त्याच्या बुटात पाय घालून अंगणभर फिरायची ते सांगितलं. तिनं पकडलेला पहिला मासा आणि त्यासाठी तिचं ओक्साबोक्शी रडणं, तेही सांगितलं. मग त्याचा आवाज जरा खाली आला. "तुझ्या आजीच्या मातीला मला येता आलं नाही," तो म्हणाला. "समुद्रानं सोडलं नाही. ते मला आजही खातं. रान्वेग, पोरी, मला माफ कर." असं तो आयुष्यात कुणाला म्हणाला नव्हता. माफी मागितली ती खरी होती.

बोलणं संपलं. तो वाट बघत बसला. चित्र तसंच. रान्वेगचे ओठ तसेच मुरडलेले. नातीच्या डोळ्यांपुढे आत्ता आपलं काय दिसत असेल? उघड्या तोंडाचा गोठलेला म्हातारा. सूत्रसंचालकानं खांदे उडवले असतील. तिकडच्या आजोबांचं भाषण चालू झालं असेल. लोक हसत असतील. गेलं, हाल्ग्रीमला वाटलं. सगळं गेलं.

आणि मग तीन वर्षं आत दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडून उसळून बाहेर आलं, त्या गोठलेल्या चेहऱ्यावर.

"फिरव तोंड," तो म्हणाला. "फिरव! तुझी आईही जन्मभर तोंड फिरवूनच जगली. माफ कर म्हणे! कशाबद्दल? ऐकायचंय खरं? शेजारची बोट त्याच दिवशी किनाऱ्याला निघाली होती. कप्तान म्हणाला, जा, बायको गेलीय तुझी. मीच नाही गेलो. समुद्रानं नाही अडवलं. त्या खड्ड्याशी उभं राहून तुझं हे थोबाड बघायचं नव्हतं मला. आणि ती पोरगीही उद्या तुझ्याच वळणावर जाणार. जा खड्ड्यात सगळ्या."

त्यानं फोन गादीवर फेकला आणि डोकं हातात धरून बसला.

थोड्या वेळानं इंजिनाचा सूर बदलला. जाळं वर घ्यायची वेळ झाली होती, आणि त्यासाठी तारल्डनं जहाज वाऱ्याच्या तोंडी, दक्षिणेला फिरवलं. गादीवरचा फोन जागा झाला. हाल्ग्रीमनं बघितलं. समाजमंदिरात केक वाढून झाला होता, माणसं उठून उभी होती, कुणी बायका बशा गोळा करत होत्या. मग सगळ्यांची तोंडं एकदम भिंतीकडे वळली आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, दूरच्या भिंतीवरून: "प्रिय सूल्रून..."

भाषण पोचत होतं! सूल्रून धावत पडद्यापुढे येऊन उभी राहिली. बुटांच्या गोष्टीला माणसं हसली. बशा घेतलेल्या बायका बशा घेऊनच थांबल्या. रान्वेग टेबलाला धरून उभी होती. हाल्ग्रीमला आनंदानं ओरडावंसं वाटलं. एक थेंब गळला नव्हता, सगळं होतं तसं, त्याच क्रमानं...

त्याच क्रमानं.

काहीही गेलं नव्हतं. जाणार कसं? पूर्वीच्या त्याच्या डब्यानं टाकून दिलं असतं, आणि त्याच भरवशावर तो बोलून गेला होता. पण डबा आता नव्हता. भाषण, आणि भाषणामागचं ते सगळं, मोडेमच्या पोटात शिस्तीत उभं होतं आणि पुढे सरकत होतं. फोन बंद करून उपयोग नव्हता, बोललेलं फोनमधून केव्हाच निघालं होतं. त्यानं सूल्रूनला लिहिलं: "बंद कर. पुढचं ऐकू नका." पाठवलं, आणि लक्षात आलं की तेही रांगेत शेवटी जाऊन उभं राहिलं. सगळ्यांना एकच रांग. पूर्वी जहाजाचं, मग आवाजाचं, अशी वेगळी दारं होती. तीही त्यानंच काढली होती.

तो फोन घेऊन धावला. जिना चढून, जहाज हाकायच्या ब्रिजवर. तारल्ड मागच्या खिडकीशी, दोन्ही हात जाळं ओढणाऱ्या विंचच्या दांड्यांवर, नजर खाली डेकवर. जाळ्याचं तोंड फाकवून धरणारे लोखंडी दरवाजे पाण्याबाहेर येत असताना कप्तानाशी बोलायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"किल्ली," हाल्ग्रीम म्हणाला. "कपाटाची किल्ली दे, तारल्ड. लवकर."

"जाळं येतंय."

"खिशात हात घालू दे मला. फक्त..."

"हाल्ग्रीम! जाळं येतंय!"

फोनमधून त्याचा आवाज येत होता. पहिला मासा, ओक्साबोक्शी रडणं.

ब्रिजच्या मागे भिंतीत वीजपेटी. ती उघडायला किल्ली लागत नाही, इलेक्ट्रिशियनची बोटं लागतात. मोडेमचा खटका त्यानं डोळे मिटूनही शोधला असता. खाली पाडला की मोडेम मेला, आणि त्याच्या पोटातलं सगळं मेलं. बोट खटक्यावर गेलं. आणि तिथंच थांबलं, कारण त्याच खटक्यावर विंचच्या नियंत्रणाची वायर होती; वीज गेली की विंचवर कुणाचा ताबा राहणार नव्हता. कित्येक वर्षांपूर्वी केबल अपुरी पडली म्हणून त्यानंच ती इथं जोडली होती, मग वेगळी करायची राहून गेली.

पेटीच्या वरच्या अरुंद खिडकीतून डेक दिसत होतं. लोखंडी दरवाजा कमानीखाली झुलत होता, दोन गाड्यांच्या वजनाचा. त्याच्या खाली आस्गाउत वाकलेला, हातात साखळीचा आकडा.

फोनमधून आवाज आला, "रान्वेग, पोरी, मला माफ कर." पडद्यावर रान्वेगनं तोंडावर हात घेतला. ती रडत होती. सूल्रूननं तिला बिलगून धरलं.

दार उघडलं होतं. ते मिटायला आता एक-दोन श्वास उरले होते, आणि त्याचं बोट खटक्यावर होतं.

आस्गाउतनं आकडा अडकवला, सुटला, पुन्हा अडकवायला गेला.

हाल्ग्रीमनं बोट काढून घेतलं. पेटीचं झाकण लावलं. मग तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि फोन हातात धरून सगळं शेवटपर्यंत बघितलं. बघायलाच हवं असं त्याला वाटलं. शेजारची बोट. खड्डा. थोबाड. पडद्यावर रान्वेगचा तोंडावरचा हात हळूहळू खाली आला. ती रडायची थांबली होती. कुणीतरी धावत भिंतीकडे गेलं आणि वायरी चाचपू लागलं. सूल्रून मात्र हलली नाही.

मग चित्र गेलं. तिकडून बंद केलं होतं.

बऱ्याच वेळानं एक निरोप आला. "सगळं पोचलं, आजोबा. बंद कर म्हणालास तेही पोचलं. शेवटी."

तो अजून तिथंच बसला होता तेव्हा आस्गाउत वर आला. मेणकापडी कपड्यांवरून पाणी गळत होतं. तो ब्रिजवर कॉफी घ्यायला चालला होता, हाल्ग्रीमला भिंतीशी बसलेला बघून थबकला.

"डेकवर जाण्याआधी मी परत खाली जेवणघरात गेलो होतो," तो म्हणाला. हाल्ग्रीमकडे न बघता, हातमोजे पिळत. "पोरांना म्हटलं, फोन बंद करा. तासभर कुणी हात लावायचा नाही. यूस्तेनचा मीच काढून घेतला." मग हातमोजे खिशात कोंबत, "आपलं एक झालं, ते झालं. पण नातीचं दृढीकरण एकदाच असतं."

हाल्ग्रीमनं वर पाहिलं. म्हणजे आधी साठलेला माल तेवढा रांगेत पुढे होता, त्यामागे त्याच्या बोलण्याखेरीज कुणीच नव्हतं.

"मग?" आस्गाउतनं विचारलं. "पोचलं का भाषण?"

"पोचलं," हाल्ग्रीम म्हणाला. "शब्दन्‌शब्द."